टांगाचा किनारा

श्रोतेहो, नमस्कार.

शत्रूच्या किनाऱ्यावर फौज उतरली म्हटलं, की आपल्याला नॉर्मंडी आठवते. पण पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांची अशीच एक हिंदी फौज आपल्या मुंबई बंदरातूनही निघाली होती. तारीख १६ ऑक्टोबर १९१४. गेटवे ऑफ इंडिया अजून उभा राहायचा होता. आठ हजारांच्या आसपास माणसं आणि जायचं कुठे, तर जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरात. म्हणजे आजच्या टांझानियात.

दोन आठवडे दाटीवाटीचा प्रवास. बोट लागून शिपाई अर्धमेले झालेले. त्यात ‘फॉक्स’ या युद्धनौकेने आधी बंदरात जाऊन ‘शरण या’ असं रीतसर कळवलं. चोराने घरमालकाला वेळ सांगून येण्यातलाच हा प्रकार! जर्मन सेनापती लेटो-फोरबेकने लगोलग आगगाडीने कुमक आणवली.

२ नोव्हेंबरच्या रात्री राजपूत आणि पायोनियर पलटणी उतरल्या, त्या खारफुटीच्या चिखलात. मुंबईकरांना हा चिखल नवा नाही. गोराईच्या खाडीत माझी चप्पल एकदा अशी रुतली, की शेवटी तिथेच सोडून आलो. या माणसांच्या हातात रायफल होती, अंगावर ओझं होतं, वर काळोख. उजाडताच त्यांना तसंच पुढे धाडलं. तोफखान्याची मदत नाही. मशीनगनसमोर फळी मोडली.

४ तारखेला सगळ्या फौजेने चाल केली. तोफा किनाऱ्यावर उतरवल्याच नव्हत्या. डोंगरी तोफा चक्क जहाजाच्या डेकवरून डागल्या. त्या दिवशी झाडांवरची मधमाश्यांची पोळी गोळीबाराने उठली आणि माश्यांनी दोन्ही बाजूंना फोडून काढलं. इंग्रजांनी या लढाईला पुढे माश्यांचंच नाव दिलं. मला ते खटकतं. कारण त्याच दुपारी काश्मीर रायफल्सचे शिपाई लँकेशायरच्या गोऱ्या पलटणीबरोबर गोळ्यांच्या माऱ्यातून थेट शहरात घुसले होते, आणि डाव्या बगलेला १०१ ग्रेनेडियर्सची पलटण कापली जात होती. ते कुणी सांगत नाही, माश्या मात्र सगळे सांगतात.

५ तारखेला फौज पुन्हा पडावांत चढली. मेलेले आणि जखमी मिळून आठशेच्या वर. रायफली, मशीनगनी आणि लाखो काडतुसं मागे वाळूतच राहिली. लेटो-फोरबेकने ती गोळा करून आपल्या पलटणींना वाटली.