आधी घर मोजा, चॅनल नंतर

डिसेंबरात पोरांना गाडीत घालून, रेडिओ त्या सजवलेल्या घराच्या एफएमवर लावून, गाण्यावर नाचणारे लाइट्स बघायला इथले बरेच जण गेले असतील. हे वेड तसं आधीपासून होतं पण नेटवर खरं पसरलं ते 2005 च्या ख्रिसमसला, ओहायोतल्या मेसन गावच्या कार्सन विल्यम्सच्या घराच्या व्हिडिओमुळे. लाइट्स 16,000 आणि चॅनल, म्हणजे वेगवेगळं चालवता येणारं प्रत्येक कनेक्शन, मात्र 88. म्हणजे एका चॅनलवर अख्खी माळ नाहीतर अख्खं झुडूप, ते लावा, विझवा, मंद करा, संपलं.

आता पिक्सेल आले, म्हणजे ज्यातला प्रत्येक दाणा वेगळा चालवता येतो असे दिवे. प्रत्येक दाण्याला लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल, त्यामुळे 50 पिक्सेलच्या एका माळेचेच 150 झाले. कार्सनचं अख्खं घर तुमच्या एका माळेत मावतं! आणि इथेच नवीन माणूस वही घेऊन चॅनल नंबर लिहायला बसतो. तसं करू नका. आधी घराचा फोटो काढा, प्रिंट करा आणि त्यावर पेनाने रेघा मारा की कंट्रोलर (माळांना डेटा देणारा डबा) कुठे बसणार, वायर कुठून जाणार, बाहेरचा प्लग कुठे आहे. चॅनल वायरच्या मागून येतात, उलटं नाही.

मेगा ट्रीच घ्या, म्हणजे उंच खांबावरून माळा सोडून केलेलं झाड. 16 माळा, प्रत्येकी 50, म्हणजे 800 पिक्सेल, 2400 चॅनल. डेटा जातो 512 चॅनलच्या गठ्ठ्यांतून, त्याला युनिव्हर्स म्हणतात, नाव जरा जास्तच मोठं ठेवलंय. एकात 170 पिक्सेल बसतात, दोन चॅनल उरतात. कंजूषपणे ठासून भरलं तर पाच युनिव्हर्समध्ये झाड बसतं, पण चौथी माळ मधूनच तुटते, 20 पिक्सेल पहिल्यात आणि 30 दुसऱ्यात. मग दुसऱ्याचं सेटिंग चुकलं की माळ खाली पेटलेली आणि वर काळीकुट्ट, आणि तुम्ही थंडीत शिडीवर चढून वायर हलवत बसता, जिचा काही दोषच नाही. त्यापेक्षा तीनच माळा ठेवा एका युनिव्हर्सला, सहा लागतील, प्रत्येक भरलेल्या युनिव्हर्समध्ये 62 चॅनल रिकामे जातील, जाऊ द्या की, रिकाम्या चॅनलला कोण पैसे मागतंय.

खरं सांगायचं तर आज एक्सलाइट्स हे शो बनवायचं सॉफ्टवेअर ही आकडेमोड स्वतःच करतं, तुम्ही फक्त मॉडेल (झाड, झुडूप जे काही असेल ते) कुठल्या पोर्टवर, म्हणजे कंट्रोलरच्या माळ जोडायच्या कुठल्या जागेवर, ते सांगायचं. म्हणून माझ्या मते डोकं लावायचं ते पोर्टवर. डब्ल्यूएस2811 या पिक्सेलमधल्या चिपला एका पिक्सेलचा डेटा द्यायला 30 मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे सेकंदाला 40 फ्रेम हव्या असतील तर एका पोर्टवर 800 च्या आसपास पिक्सेल, 20 चालत असतील तर दुप्पट. कागदावर अख्खं झाड एका पोर्टवर मावतं. पण एक पिक्सेल मेला की बहुतेक वेळा त्याच्यामागची सगळी वरात अंधारात! चार पोर्ट करा, प्रत्येकी चार माळा, एक वर जाणारी, पुढची खाली येणारी, आणि सॉफ्टवेअरलाही तसंच नागमोडी सांगा. नाहीतर एक आड एक माळ उलटी चालते, आणि गाण्याबरोबर वर चढणारा तारा अर्धा वर अर्धा खाली असा काहीतरी विनोद होतो.

पॉवरचं थोडक्यात: पाच व्होल्टच्या लांब माळेत शेवटचे पिक्सेल पांढरे न दिसता तांबूस दिसतात, तिथे मधून पुन्हा पॉवर द्यावी लागते, ती वायरसुद्धा फोटोवर काढा. काही माळा लाल सांगितलं की हिरव्या पेटतात, त्या बिघडलेल्या नसतात, रंगांचा क्रम वेगळा असतो, पोर्टला सांगितलं की झालं.

आणि प्रत्येक कंट्रोलरवर एक-दोन पोर्ट मोकळे सोडा, कारण पुढच्या वर्षी गॅरेजवर काहीतरी लावायचं घरात ठरणारच आहे. जानेवारीत माळा उतरवाल तेव्हा कंट्रोलर, पोर्ट आणि कितवी माळ हे लिहिलेले टॅग वायरवरच राहू द्या.