खांद्याला सोसेल ते काडतूस

(दृश्य: येम्टलांडचं जंगल, पहाट. स्प्रूसची झाडं, दलदल, लाकडी मचाणाकडे जाणारी पायवाट.)

उत्तर स्वीडनमध्ये सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे मूस हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. कामावरच्या रजा कधीच टाकून झालेल्या असतात. गावातली शिकारमंडळी रेडिओ, थर्मास आणि कुत्री घेऊन जंगलात शिरतात, आणि ज्याची त्याची जागा शिकारप्रमुखाने आधीच ठरवून दिलेली असते.

मूस हे हरणांच्या कुळातलं सगळ्यात मोठं जनावर. पूर्ण वाढलेला नर चारशे-पाचशे किलोंचा, खांद्यापाशी माणसाहून उंच. नुसत्या आकाराकडे बघून कुणालाही वाटेल की याच्यासाठी दणदणीत बंदूक हवी. पण या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या जे काडतूस वापरलं गेलं, त्याची गोळी पेन्सिलीएवढी जाड आहे. नाव ६.५ बाय ५५. साडेसहा मिलिमीटर हा नळीचा व्यास, पंचावन्न मिलिमीटर ही दारू भरलेल्या पितळी पुंगळीची लांबी.

(दृश्य: टेबलावर ओळीने तीन काडतुसं. कॅमेरा डावीकडून उजवीकडे.)

डावीकडचं आपलं साडेसहाचं. मधलं .३०-०६ (इथे .३० हा नळीचा व्यास, इंचात), अमेरिकन सैन्याचं जुनं काडतूस, आज जगभर शिकारीला चालतं. उजवीकडचं .३०० विंचेस्टर मॅग्नम. जसजसं उजवीकडे जाल तसतशी आतली दारू वाढते, गोळीचा वेग वाढतो आणि खांद्यावर बसणारा दणकाही वाढतो.

हा दणका मोजता येतो. साधारण ३.६ किलोची रायफल धरली तर साडेसहाचा मागचा धक्का १७ ज्यूलच्या आसपास येतो, .३०-०६ चा २७ च्या, आणि .३०० मॅग्नमचा ३८ च्या. म्हणजे पहिल्यापेक्षा तिसऱ्याचा दुपटीहून जास्त. एकदा-दोनदा कुणीही सहन करेल. एका दुपारी चाळीस गोळ्या झाडायच्या असतील तर मात्र विसाव्या गोळीपासून शरीर स्वतःचे निर्णय घ्यायला लागतं.

(दृश्य: शूटिंग रेंज. नेमबाजाचा चेहरा, अगदी जवळून, संथ गतीत.)

डोळ्यांकडे बघा. चाप पूर्ण दाबला जाण्याच्या आधीच पापण्या मिटल्या. खांदा पुढे सरकला, बोटाने हळू दाबायच्या ऐवजी हिसका दिला. मेंदूने धक्का ओळखला आहे आणि तो येण्याआधीच त्याला तोंड द्यायची तयारी चालू आहे. हे भित्रेपणाचं लक्षण समजू नका, अनुभवी माणसांनाही होतं. त्यांना ते कबूल करायला जड जातं, एवढाच फरक.

पकडायची एक जुनी युक्ती आहे. दुसऱ्या कुणीतरी मॅगझिन भरायचं आणि खऱ्या काडतुसांमध्ये एखादं रिकामं, नकली काडतूस मिसळायचं. नेमबाजाला माहीत नसतं कोणतं कधी येणार. नकली आलं की बार होत नाही, धक्का नाही, आवाज नाही, तरीही बंदुकीचं तोंड खाली झुकलेलं सगळ्यांना दिसतं.

त्याचा हिशेब सोपा आहे. दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत रायफल साधारण मीटरभर लांब. टोक एक मिलिमीटर हललं, तर शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर भरकटते. चार मिलिमीटर हललं तर चाळीस सेंटिमीटर. मुसाच्या बाबतीत एवढ्या अंतरात फुप्फुस संपून पोट सुरू होतं. पोटात गोळी लागलेलं जनावर कित्येक किलोमीटर जातं आणि तासन्‌तास तडफडतं. ती गोळी साडेसहाची होती की मॅग्नमची, याने त्या जनावराला काही फरक पडत नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. सैनिक, लांब रायफली. मग एस्किल्सतुनाच्या कारखान्याचं चित्र.)

साडेसहाचं काडतूस शिकाऱ्यांनी शिकारीसाठी बनवलं नव्हतं. १८९० च्या दशकात स्वीडन आणि नॉर्वे एकाच राजाखाली होते. दोन्ही देशांच्या संयुक्त समितीने सैन्यासाठी हे काडतूस ठरवलं आणि १८९४ मध्ये स्वीडनने ते जर्मन माउझर कंपनीच्या कार्बाइनसह, म्हणजे आखूड रायफलीसह, स्वीकारलं. दोन वर्षांनी लांब नळीची पायदळाची रायफल आली, एम-९६. सुरुवातीच्या बंदुका जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फहून आल्या. पुढे एस्किल्सतुनाच्या सरकारी कारखान्यात आणि हुस्कवार्नाला त्या घडल्या.

मग हीच बंदूक गावोगावच्या नेमबाजी मंडळांत पोचली. रविवारी लक्ष्यावर जे काडतूस झाडायचं, तेच सप्टेंबरात मुसावर. काडतूस स्वस्त, मुबलक, आणि खांदा न दुखवणारं. मला विचाराल तर या काडतुसाच्या लौकिकाचं खरं कारण इथे आहे. त्याच्या गोळीचं कौतुक पुष्कळ होतं, ते खोटंही नाही, पण त्या गोळीमागे वर्षभर सराव केलेला माणूस होता हे कौतुक करणारे विसरतात.

(दृश्य: गोळीचा उभा छेद. बाजूला जनावरातून काढलेली, फुललेली गोळी.)

आता गोळीबद्दल. मुसासाठीची पारंपरिक गोळी १०.१ ग्रॅमची. व्यास बारीक आणि वजन एवढं, म्हणजे ती लांब असणार. लांब गोळी हवेत स्थिर राहायला जोरात फिरावी लागते, म्हणून या नळीतले पीळ आवळ ठेवले आहेत: साधारण दोनशे मिलिमीटरला एक पूर्ण वेढा. लांब, बारीक आणि जड गोळी सरळ रेषेत खोल जाते. छेदाच्या क्षेत्रफळाच्या मानाने वजन किती, हा हिशेब केला तर ही गोळी ९.३ मिलिमीटरच्या १८.५ ग्रॅमच्या गोळीच्या थोडी पुढेच निघते. खोल जाण्यात ती मागे का पडत नाही, ते या आकड्यात आहे. भोक मात्र लहानच पडतं.

दुसरी गोष्ट बनावटीची. आजच्या चांगल्या गोळीत तांब्याचं आवरण आतल्या शिशाला पक्कं जोडलेलं असतं. नोर्मा कंपनीची ओरिक्स त्यातलीच. आदळल्यावर पुढचा भाग फुलतो, पण शिसं आवरणातून सुटून विखुरत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या गोळीवर ज्यांनी भरवसा ठेवला, त्यांना ही सोय नव्हती.

(दृश्य: स्वीडिश नियमांचा तक्ता, मराठीत.)

कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखं आहे, कारण तो काडतुसाचं नाव घेत नाही. मूस, रानडुक्कर, अस्वल अशा पहिल्या वर्गातल्या जनावरांसाठी दोन वाटा आहेत. गोळी किमान ९ ग्रॅमची असेल तर शंभर मीटरवर तिच्यात २७०० ज्यूल ऊर्जा उरली पाहिजे. गोळी १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २००० ज्यूल पुरतात. साडेसहाची १०.१ ग्रॅमची गोळी नळीतून निघताना तीन हजार ज्यूलच्या आसपास असते आणि शंभर मीटरवर सुमारे अडीच हजार. पहिल्या वाटेने ती नापास झाली असती, दुसऱ्या वाटेने आरामात पास होते. जड आणि संथ गोळीला झुकतं माप देणारा हा नियम मला शहाणपणाचा वाटतो.

बंदूक हातात घेण्याआधी परीक्षा असते, १९८५ पासून सक्तीची. शेजारी नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते: शंभर मीटरवर पाच गोळ्या, पाचही वर्तुळात. आणि स्वीडनमध्ये आणखी एक नियम. मूस जखमी होऊन निसटला, तर माग काढणारं शिकवलेलं कुत्रं गोळी सुटल्यापासून दोन तासांच्या आत तिथे पोचेल अशी तजवीज आधीच असली पाहिजे.

(दृश्य: युगांडाचा जुना नकाशा. हत्तीच्या कवटीचं रेखाचित्र.)

हलक्या काडतुसाचा विषय निघाला की एक नाव येतंच. वॉल्टर बेल, स्कॉटिश हस्तिदंत-शिकारी, ‘करामोजो बेल’ म्हणून ओळखला जाणारा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्याने आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यातले बहुतेक ७ बाय ५७ च्या काडतुसाने. गोळी ११.२ ग्रॅमची, न फुलणारी, पूर्ण आवरणाची. कवटी चिरून मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने अभ्यास केला होता, आणि तो अचाट नेमबाज होता.

हा दाखला कमी दारूच्या काडतुसाचा पुरावा म्हणून सर्रास दिला जातो. तो पुरावा बेलच्या हाताचा आहे, आणि हस्तिदंतासाठी झालेल्या कत्तलीचाही आहे. पुढे आफ्रिकेतल्या कित्येक देशांनी हत्ती-रेड्यांसारख्या धोकादायक जनावरांसाठी .३७५ इंच व्यासाची किमान मर्यादा घातली ती उगाच नाही. अंगावर येणारा हत्ती आणि ऐंशी मीटरवर कुत्र्याच्या भुंकण्याकडे बघत उभा असलेला मूस, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तेच ७ बाय ५७ आपल्याकडेही येऊन गेलं, .२७५ रिग्बी या विलायती नावाने. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला बक्षीस मिळालेली रायफल याच काडतुसाची. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये तिनेच पडला. वाघामागे जाताना मात्र कॉर्बेट बऱ्याचदा जड दुनळी घेई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा सगळा व्यवहार भारतात इतिहासजमा झाला, म्हणून आपला कॅमेरा पुन्हा स्वीडनमध्ये.

(दृश्य: मचाण. दूरवर कुत्र्याचं भुंकणं. झाडांच्या फटीतून मूस.)

येम्टहुंड जातीच्या कुत्र्याने मूस अडवून धरला आहे. कुत्रं त्याच्या तोंडासमोर नाचतं, मूस त्याच्याकडे बघत राहतो. अंतर सत्तर-ऐंशी मीटर. या जंगलात बहुतेक गोळ्या शंभर मीटरच्या आतच सुटतात.

साडेसहावाला इथे थांबतो. मूस तिरका, मागचा भाग आपल्याकडे करून उभा आहे. जाड मांसातून आणि पोटातून वाट काढत गोळी छातीपर्यंत पोचेल, अशी आशा ९.३ वाला कदाचित धरेल, तीही धरू नये. साडेसहावाल्याला तो पर्यायच नाही. मूस आडवा होईपर्यंत थांबायचं, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या मध्याखाली नेम धरायचा. आडवा झालाच नाही, तर तो गेला.

बार होतो. मूस जागेवर कोसळत नाही. दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेलेला मूस चाळीस-पन्नास मीटर चालत जाणं अगदी नेहमीचं आहे, मग तो थबकतो, डुलतो, बसतो. जड काडतुसाने हे अंतर कधी कमी होतं, कधी होत नाही. नवखा शिकारी इथेच घाबरतो आणि पुढच्या वर्षी मोठी बंदूक विकत घेतो. जुना शिकारी बोल्ट ओढून दुसरं काडतूस चढवतो, मूस उभा असेल तर पुन्हा नेम धरतो.

(दृश्य: तांब्याची लांब गोळी आणि शिशाची आखूड गोळी, शेजारी शेजारी.)

या काडतुसापुढचा आजचा प्रश्न शिशाचा आहे. मांसात शिशाचे कण उरतात, म्हणून डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली. संपूर्ण तांब्याची गोळी मांस स्वच्छ ठेवते, तुटतही नाही. पण तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच लांबीची तांब्याची साडेसहा मिलिमीटरची गोळी आठ ग्रॅमच्या आसपास राहते, आणि वरच्या तक्त्यातली खालची पायरी ९ ग्रॅमची आहे. वजन वाढवायचं तर गोळी आणखी लांब करावी लागते. मग ती पुंगळीत खोल बसते आणि दारूची जागा खाते. रुंद नळीच्या .३०-०६ ला किंवा ९.३ ला ही अडचण फारशी येत नाही. दणक्याच्या भीतीने ज्यांनी ती काडतुसं कधी घेतली नाहीत, ते आता दणका कमी करणारा सायलेन्सर नळीला लावून .३०८ वर, म्हणजे .३०-०६ एवढ्याच जाडीच्या गोळीच्या काडतुसावर, हात बसवू लागले आहेत.