पडल्यावर उठण्याची विद्या

मित्रहो, आजचा विषय जमिनीवरच्या झटापटीचा असला, तरी माझे पहिले सांगणे असे की, रस्त्यावर प्रसंग ओढवला असता आपणहून जमिनीवर जाऊ नये. अनेक वर्षे हेच डाव शिकवत आलेल्या माणसाने असे म्हणावे याचे काहींना नवल वाटेल. पण समोरच्याला खाली पाडून त्याच्याशी लोळत बसावे म्हणून मी हे डाव शिकवत नाही, तर जो खाली पडला आहे त्याला पुन्हा आपल्या पायांवर उभे राहता यावे म्हणून शिकवतो.

या विद्येचा बोलबाला झाला तो १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या, निरनिराळ्या युद्धकलांतील खेळाडूंना आमनेसामने आणणाऱ्या पहिल्या यूएफसी स्पर्धेमुळे. तिथे वजनगट नव्हते, आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या झटापटीच्या विद्येत मुरलेल्या, अंगाने सडपातळ असलेल्या रॉयस ग्रेसी यांनी आपल्याहून वजनदार अशा तीन प्रतिस्पर्ध्यांना एकाच रात्रीत शरण आणले. जमिनीवरचे डाव ज्याला येत नाहीत तो तिथे किती असहाय होतो, हे त्या रात्री साऱ्यांनी पाहिले आणि ते खरेच होते. मात्र तिथे प्रतिस्पर्धी एका वेळी एकच होता, कोणाच्या हाती शस्त्र नव्हते, खाली मऊ मॅट होती आणि शरणागतीची खूण करताच लढत थांबत होती. रस्त्यावर यांतले काहीच गृहीत धरता येत नाही. एकाचा हात पिरगाळून धरताना आपले दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि पाठीमागून आलेल्या दुसऱ्याची लाथ आपल्याला दिसतही नाही.

तरीही पडणे न पडणे आपल्या मर्जीवर नसते. पाठीमागून कोणी ढकलतो, पाय घसरतो, अंगावर धावून आलेल्या माणसाच्या वजनानेच तोल जातो. अशा वेळी पहिला धोका ठोशाचा नसून डोके जमिनीवर आपटण्याचा असतो, म्हणून हनुवटी छातीशी टेकवून पडण्याची सवय आम्ही सर्वांत आधी लावतो.

नवशिक्याच्या छातीवर कोणी बसला की तो काय करतो, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे. तो श्वास रोखतो आणि दोन्ही हात ताठ करून वरच्याला ढकलू लागतो. हात लगेच थकतात आणि ताठ झालेला हात वरच्याला आयताच पकडायला मिळतो. खरे तर कोपरे बरगड्यांशी घट्ट ठेवायची, वरच्याचा एक हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवून ठेवायचा, मग कंबर जोराने वर उचलून त्याच बाजूला उलटायचे. टेकू नाहीसा झालेला माणूस कितीही वजनदार असला तरी कलंडतो. बळजबरीने खाली दाबल्या गेलेल्या स्त्रीच्या दृष्टीने या एका डावाचे मोल किती, ते मी वेगळे सांगायला नको.

पण डाव ठाऊक असणे आणि तो ऐनवेळी अंगातून निघणे यांत मोठे अंतर आहे. १८८२ साली जपानमध्ये कोदोकान या ज्युदोच्या शाळेची स्थापना करणाऱ्या, ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी घातक डाव मुक्त सरावातून वगळले, त्यामुळे शिष्यांना खऱ्या विरोधाविरुद्ध पूर्ण जोर लावून सराव करता येऊ लागला. माझ्या मते जमिनीवरच्या विद्येची खरी ताकद या सरावात आहे. ज्याने रोज कोणाच्या तरी वजनाखाली श्वास सांभाळला आहे, तो प्रत्यक्ष प्रसंगी गांगरून जाण्याचा संभव कमी असतो.

गळा आवळण्याच्या डावाबद्दल मात्र सावध केले पाहिजे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या, तर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते. त्यानंतरही पकड न सोडणे जीवघेणे आहे, आणि मग तो स्वसंरक्षणाचा भाग राहत नाही.

म्हणूनच आमच्याकडे तासाच्या शेवटी एक वेगळा सराव असतो. एक जण खाली, दुसरा त्याच्या छातीवर, आणि तिसरा मॅटच्या कडेवरून त्यांच्याकडे सावकाश चालत येतो. खालच्याने वरच्याला उलटवून सुटायचे, एक हात मागे टेकवून दुसरा चेहऱ्यापुढे धरायचा, कंबर उचलून पाय अंगाखाली ओढून घ्यायचा आणि दोघांकडे तोंड करून उभे राहायचे, तेही तिसरा जवळ पोहोचण्याआधी. वरच्याला शरण आणण्याच्या मोहात जो खालीच रेंगाळतो, त्याच्या खांद्यावर तिसऱ्याचा हात पडतो आणि तो सराव त्याला पहिल्यापासून करावा लागतो.