३५ की ५०? पहिली प्राइम लेन्स घेण्याआधी मोजायची टेप काढा

नमस्कार. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ची झूम लेन्स वापरून झाली, आता एक प्राइम लेन्स, म्हणजे झूम न होणारी, घ्यायची आहे आणि गाडी ३५ एमएम की ५० एमएम यावर अडली आहे. दोन्हींचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ १.८पर्यंत उघडतं (आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं) आणि वजनातही फारसा फरक नाही. मग ठरवायचं कशावर? तुम्हाला किती मागे सरकायला जागा मिळते, यावर. बॅकग्राउंड किती ब्लर होतं हा प्रश्न त्यानंतरचा.

आज बोलतोय ते एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यांबद्दल. हा सेन्सर फिल्मच्या फ्रेमएवढ्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरपेक्षा लहान असतो; किती पटीने लहान, तो क्रॉप फॅक्टर. निकॉन, सोनी, फुजीफिल्ममध्ये क्रॉप फॅक्टर १.५, कॅननमध्ये १.६. म्हणजे ३५ची लेन्स फुल फ्रेमवरच्या साधारण ५२ इतकं दृश्य दाखवते आणि ५०ची ७५ इतकं. “पहिली लेन्स ५०च घ्या” हा सल्ला फिल्मच्या काळापासून चालत आलाय, आणि तो फुल फ्रेमपुरता ठीक आहे. तुमच्या कॅमेऱ्यावर ते काम ३५ करते. ५० तुमच्याकडे पोर्ट्रेट लेन्स होते.

आता टेप काढा. कॅमेरा उभा धरलाय, समोर माणूस उभा आहे, डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडून २ मीटर उंचीची फ्रेम हवी आहे. ३५ने तुम्हाला त्याच्यापासून ३ मीटरवर उभं राहावं लागेल, ५०ने सव्वाचार मीटरवर.

[स्क्रीनवर: दोन्ही अंतरं जमिनीवर टेपने मोजलेली]

कॅमेरा आडवा धरून ३ मीटर रुंदीचा ग्रुप घ्यायचा असेल तर ३५ला साडेचार मीटर आणि ५०ला जवळजवळ साडेसहा मीटर. कॅननवर यापेक्षाही थोडं मागे. शिवाय तुमच्या पाठीमागे अर्धा मीटर तरी हवा, आणि समोरची माणसं भिंतीला चिकटवायची नसतील तर त्यांच्या मागेही एक-दीड मीटर. ही बेरीज तुमच्या खोलीत बसते का, ते मोजूनच बघा. बसत नसेल तर घरात ५० फक्त चेहऱ्यांपुरती उरते.

हिशेब सोपा आहे, तुमच्या फ्रेमसाठी स्वतः करा. फ्रेममध्ये हवी असलेली लांबी गुणिले फोकल लेंथ (लेन्सचा तो ३५ किंवा ५० एमएमचा आकडा), भागिले सेन्सरची तीच बाजू. १.५ क्रॉपच्या सेन्सरची लांब बाजू साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असते.

पण चेहरा जवळून घ्यायचा झाला की बाजू उलटते. डोकं आणि खांदे एवढीच फ्रेम हवी असेल तर ३५ने तुम्ही पाऊण मीटरवर येता, ५०ने एक मीटरच्या थोडं पुढे. पाऊण मीटरवरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसायला लागतात. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. ३५नेही एक मीटरवर मागे येऊन फोटो काढा आणि नंतर क्रॉप करा, चेहऱ्याची ठेवण अगदी ५०सारखीच येईल. किंमत मोजावी लागते पिक्सेलमध्ये: २४ मेगापिक्सेलमधले साधारण १२ उरतात. पण हे उलट करता येत नाही. ५०च्या फ्रेमबाहेर जे राहिलं ते राहिलं. म्हणूनच एकच लेन्स घेणार असाल आणि घरातली माणसं, प्रवास, रस्ता असं सगळंच टिपायचं असेल, तर माझं मत ३५ला. मोकळ्या जागेत मुख्यतः पोर्ट्रेट करणार असाल तर बेलाशक ५० घ्या.

आता ब्लर. ५०ने २ मीटरवरून आणि ३५ने १.४ मीटरवरून, म्हणजे माणूस फ्रेममध्ये तेवढाच ठेवून, एफ १.८ वर फोटो काढला तर शार्प पट्टा, म्हणजे पुढून मागे जेवढ्या अंतरात सगळं स्पष्ट दिसतं तो भाग, दोन्हीत सारखाच, सुमारे ११-१२ सेंटिमीटर. फरक पडतो तो लांबच्या बॅकग्राउंडमध्ये. ५०चं अपर्चर एफ १.८ला जवळजवळ २८ मिलिमीटर व्यासाचं, ३५चं १९चं. त्यामुळे मागचे दिवे ५०मध्ये जवळपास दीडपट मोठ्या गोळ्यांसारखे पसरतात.

एवढं ऐकूनही ठरत नसेल तर १८-५५ आहेच की. झूम रिंग ३५वर आणा, एक फोटो काढून त्याच्या माहितीत नेमका आकडा तपासा आणि रिंगला चिकटपट्टी लावा. एक अख्खा दिवस तेवढ्यावरच. दुसऱ्या दिवशी ५०वर. किती वेळा पाठ भिंतीला टेकली आणि किती वेळा फारच जवळ जावं लागलं, एवढंच लक्षात ठेवा. प्रकाशाचा अंदाज मात्र यातून येणार नाही. ५०वर ही १८-५५ साधारण एफ ५.६पर्यंतच उघडते, एफ १.८ला त्याच्या दहापट प्रकाश आत येतो. जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ६४०० लागत होता तिथे ६४०वर काम भागतं.

घेताना एक तपासाच. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सवर ऑटोफोकस चालत नाही. नावात एएफ-एस हवं.

नवी लेन्स लावल्यावर पहिली तक्रार ठरलेली: फोटो शार्प येत नाहीत. एक मीटरवरून ५०ने एफ १.८ वर शार्प पट्टा जेमतेम ३ सेंटिमीटरचा असतो. मान थोडी वळलेली असली की एक डोळा शार्प आणि दुसरा गेला. त्यात मधल्या पॉइंटने फोकस घेऊन मग फ्रेम हलवलीत, तर पहिलाही जातो. फोकस पॉइंटच जवळच्या डोळ्यावर न्या, अपर्चर एफ २.८ करा. कडांना दिसणारी जांभळी-हिरवी झाकही त्याने कमी होते. शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, माणूस स्वतः हलत असतो.

तरीही डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) फोटो सॉफ्टच आले तर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा आणि तोच फोटो लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, काढा. तिथे शार्प आला तर लेन्सची काच ठीक आहे, व्ह्यूफाइंडरमधल्या फोकसची जुळणी चुकते आहे. मेन्यूत एएफ फाइन ट्यून असेल तर तिथे दुरुस्त करा. नसेल तर बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्रच सर्व्हिस सेंटरला द्या, कारण जुळणी त्या जोडीची करायची असते.