मंद आचेवरचा आंब्याचा कॉब्लर

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना उतरणीला लागला की कोकणातल्या घराघरांत आढीतला शेवटचा आंबा निघू लागतो. चांगले फळ तोपर्यंत पेटीत भरून गेलेले असते, पाहुण्यांच्या पिशव्यांतून मुंबईला पोचलेले असते, आणि घरात उरतो तो डागी आंबा, एका बाजूने दबलेला किंवा साका धरलेला, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा झालेला. आपल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे; पण मानांकन पेटीतल्या फळाच्या उपयोगाचे, डागी फळाची काळजी घरच्या स्वयंपाकघरालाच घ्यावी लागते. त्याची आपण साठे घालतो, मावा आटवतो. ही कामे उन्हाची आणि अंगमेहनतीची आहेत, आणि पाऊस तोंडावर आल्यावर ऊन कुणाच्या हातात राहत नाही. म्हणून आज असा एक पदार्थ सांगते, ज्याला ऊन लागत नाही, ढवळत उभे राहावे लागत नाही आणि अव्हनही लागत नाही. तो पदार्थ म्हणजे कॉब्लर, आणि तो आपण करणार आहोत स्लो कुकरमध्ये.

कॉब्लर मूळचा अमेरिकेचा. तळाशी फळांच्या फोडी आणि वर मऊ पिठाचे लहान लहान गोळे, एवढीच त्याची रचना आहे. एकोणिसाव्या शतकात जी कुटुंबे तिथे पश्चिमेकडे सरकत गेली, त्यांच्याजवळ भट्टी नव्हती. त्यांच्याजवळ होते जाड बिडाचे तोप, ज्यांच्या सपाट झाकणाला उचललेला काठ असे, आणि तो काठ अशासाठी की झाकणावर निखारे ठेवले तरी ते घरंगळू नयेत. झाकणावर निखारे, हे शब्द कृपया ध्यानात ठेवा, कारण थोड्याच वेळात ते पुन्हा येणार आहेत.

स्लो कुकर मात्र पुष्कळ नंतरचा. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाला १९४० साली अशा भांड्याचे पेटंट मिळाले, आणि १९७१ पासून ते क्रॉक-पॉट या नावाने घरोघरी गेले. नॅक्सनच्या आईने त्याला लिथुआनियातल्या ज्यू घरांची एक रीत सांगितली होती. शनिवार हा ज्यूंचा धार्मिक विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी कडधान्याचे भांडे गावच्या भटारखान्याच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी शिजलेले काढायचे. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू, तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणत असे. शनिवारच्या त्याच विश्रांतीतून हे यंत्र सुचावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

यंत्र साधे आहे. बाहेरच्या धातूच्या कवचात विजेची तार, आत भाजलेल्या मातीचे जड भांडे आणि वर बहुधा काचेचे झाकण. मध्यम आकाराच्या कुकरला साधारण दोनशे वॅट वीज पुरते. ‘लो’ आणि ‘हाय’ या दोन्ही खुणांवर आतला पदार्थ शेवटी उकळीच्या जवळपासच पोचतो. फरक पडतो तो पोचायला लागणाऱ्या वेळात.

आता कृती सांगते. साडेतीन लिटरच्या कुकरसाठी मध्यम आकाराचे पाच हापूस सोलून त्यांच्या मोठ्या फोडी कराव्यात. कापताना साका दिसला, तर तेवढा भाग सढळ हाताने काढून टाकावा, कारण त्याची आंबूस चव लपत नाही. भांड्याला आतून तूप लावून फोडी घालाव्यात आणि त्यांत पाव वाटी साखर, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ, थोडे किसलेले जायफळ आणि एका लिंबाचा रस मिसळावा. घरी आंबटगोड रायवळ आंबे असतील, तर लिंबाऐवजी दोन रायवळ पिळून घालावेत. रायवळाला आपण उगीच दुय्यम मानतो. हापूसच्या एकसुरी गोडीला जो आंबट धागा हवा असतो, तो रायवळच देतो. आणि साखर पाव वाटीच घालावी. पिकलेल्या आंब्यावर साखरेचा मारा करण्याची जी सवय आपल्याकडे बोकाळली आहे, ती मला मुळीच मान्य नाही.

वरच्या पिठासाठी दीड वाटी मैदा, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ एकत्र करून त्यात फ्रीजमध्ये घट्ट केलेले तीन मोठे चमचे तूप बोटांच्या टोकांनी चोळावे. नारळाचे जाड दूध पाऊण वाटी घालून पीठ भज्यांच्या पिठापेक्षा थोडे घट्ट भिजवावे, आणि भिजवल्यावर थांबू नये, कारण ओल लागताच बेकिंग पावडर आपले काम सुरू करते. चमच्याने फोडींवर गोळे सोडावेत, मध्ये फटी राहू द्याव्यात.

यानंतरच्या दोन गोष्टी नीट ऐका. पहिली अशी की झाकणाखाली स्वच्छ, कोरडे, सुती कापड ताणून घालावे आणि त्याची टोके वर उचलून झाकणावर बांधावीत. कुकरमधली वाफ झाकणाला लागून थेंबाथेंबाने खाली पडते आणि पिठाचा लगदा करते. कापड ते पाणी टिपते. दुसरी गोष्ट अशी की पहिले दोन तास झाकण उघडू नये. एकदा झाकण उघडले की साठलेली उष्णता जाते आणि शिजण्याचा वेळ वीस मिनिटे, अर्धा तास पुढे सरकतो. पुन्हा सांगते : झाकणाखाली कापड, आणि दोन तास झाकण उघडायचे नाही. ‘हाय’वर दोन ते अडीच तासांत मधल्या गोळ्यात खुपसलेली काडी कोरडी निघते. मग कुकर बंद करून झाकण तिरके ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी वाढावे, म्हणजे रस दाटून येतो.

आता ती हकिगत सांगते, जिच्यामुळे हा पदार्थ माझ्या मनात कायमचा राहिला.

मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी मे महिन्यात घर चाकरमान्यांनी भरलेले असते. त्या वर्षी माझी भाची मुंबईहून येताना स्लो कुकर घेऊन आली होती. आढीतल्या पेंढ्याखालून डागी आंब्यांची एक मोठी टोपली निघाली, आणि तिने जाहीर केले की आज आंबे आटवायचे नाहीत, आज मी कॉब्लर करणार. ऐंशी पार केलेली माझी आत्या पडवीत बसून, हाताला खोबरेल चोळून, कापा फणसाचे गरे काढत होती. तिने मान वर करून त्या भांड्याकडे पाहिले, दोर भिंतीत कुठे जातो तेही पाहिले, आणि पुन्हा गऱ्यांना लागली.

भाचीने सगळे नेमके मी सांगितले तसे केले. कापड बांधले, झाकण लावले, आणि मुले आजूबाजूला घुटमळू लागली तेव्हा त्यांना ओटीवर पिटाळले. तासाभराने दक्षिणेकडून आभाळ भरून आले. माडांच्या झावळ्या एकीकडे झुकल्या, अंगणात वाळत घातलेली आमसुले उचलायला सगळ्यांची धावपळ झाली, आणि पहिली सर कौलांवर आपटली त्याच क्षणी वीज गेली. पावसाच्या पहिल्या तडाख्यात गेलेली वीज रात्रीपर्यंत येत नाही, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणाला सांगावे लागत नाही.

भाचीने झाकण उघडले. खाली आंबे नुकते कोमट होऊन रस सोडू लागले होते आणि वरचे पीठ कच्चेच होते. तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. कुणी म्हणाले गॅसवर ठेव, पण ते मातीचे भांडे थेट आचेवर ठेवले तर तडकते, आणि पातेल्यात ओतून गॅसवर शिजवले असते तर तळ करपून वरचे पीठ कच्चे राहिले असते. आत्याने विळी आडवी केली, हात पुसले आणि विचारले की आत आहे तरी काय. भाचीने सांगितले, “आजी, खाली फळे, वर पीठ, आणि मंद आच.” आत्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, “चेडवा, लायट गेली म्हणान पीठ थांबता काय? तांब्याचो तोप हाड आणि चुलीत करवंट्यो घाल.”

कल्हई केलेला तोप आला. आत्याने त्याला तुपाचा हात फिरवला, तळाशी केळीचे पान बसवले, आणि सगळे मिश्रण मोठ्या डावाने अलगद, पिठाचे गोळे वरच राहतील अशा बेताने, त्यात उतरवले. चुलीतली लाकडे तिने मागे ओढली. करवंट्यांचे निखारे लवकर फुलतात आणि त्यांना धूर कमी असतो. त्यातले मूठभर तिने तोपाखाली पसरले, तोपावर सपाट पत्र्याचे झाकण ठेवले, आणि उरलेले सगळे निखारे चिमट्याने त्या झाकणावर रचले. “इंगळे खाली थोडे, वयर जास्त,” ती भाचीला सांगत होती. खाली थोडे, वर जास्त. हे तिने तिच्या सासूकडून तवशाचे धोंडस करताना शिकले होते. जून काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे यांचे धोंडस आमच्याकडे याच रीतीने भाजले जाते, आणि त्यासाठी भट्टीची वाट कुणी पाहिली नाही.

बाहेर पाऊस कोसळत होता आणि आम्ही सगळे चुलीभोवती बसलो होतो. आत्या मध्येच झाकणाजवळ कान नेई; आत रस खदखदल्याचा आवाज येतो का, एवढेच ती ऐकत होती. पाऊण तासाने जायफळाचा आणि भाजलेल्या पिठाचा वास माजघरापर्यंत गेला. निखारे झाडून झाकण उचलले, तेव्हा वरचे पीठ फुगून सोनेरी तांबूस झाले होते, फटींतून गडद केशरी रस वर आला होता आणि कडेला त्याचा पाक धरला होता. आत्याने पहिला घास घेतला आणि समाधानाने म्हणाली, “ह्यां तर आमचां धोंडसच झालां.” भाचीने तिला अमेरिकेतल्या त्या बिडाच्या तोपांविषयी सांगितले, काठाच्या झाकणाविषयी सांगितले, आणि आत्याने अगदी गंभीरपणे विचारले की त्या बायका करवंट्या कुठून आणत असतील.

श्रोतेहो, त्या दोघींनी एकाच तोपातून दोन देशांच्या रीती काढल्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. नवे घर बांधणाऱ्यांना माझी एक विनंती आहे : मागील दारी का होईना, चुलीला जागा ठेवा. टाइल्सच्या स्वयंपाकघराबरोबर झाकणावर निखारे ठेवण्याची विद्या गावागावांतून नाहीशी होत आहे, आणि ती पुस्तकातून परत येणारी नाही.

एक खुलासा करते. स्लो कुकरमधला कॉब्लर वरून फिकट राहतो. पीठ तांबूस व्हायला कोरडी आणि साधारण एकशे चाळीस अंशांपुढची उष्णता लागते. कुकरमध्ये सगळी वाफ असते आणि ती शंभर अंशांपुढे जात नाही. झाकणावरच्या निखाऱ्यांनी जे साधले, ते इथे साधणार नाही. त्यामुळे फिकट दिसला म्हणून तो आणखी तासभर शिजवू नये, तळ घट्ट होईल. वाढताना भाजलेल्या काजूचे तुकडे वर घालावेत, म्हणजे दाताखाली हवा असलेला कुरकुरीतपणा मिळतो.

आंबा संपला तरी कुकर चालू ठेवता येतो. जांभळे वापरायची तर बिया काढाव्यात आणि साखर थोडी वाढवावी. अननस पाणी फार सोडतो, म्हणून कॉर्नफ्लोअर दीड चमचा घ्यावे. घोलवडचा चिकू गोड पण आंबटपणा नसलेला, त्याला लिंबू विसरू नये. कापा फणसाच्या गऱ्यांचे बारीक तुकडे करून त्यांना अर्धा तास जास्त द्यावा. बरका फणस यात घालू नये, त्याच्या मऊ रसाळ गराला सांदणासारखी दुसरी जागा नाही.

उरलेला कॉब्लर झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. तो पुन्हा गरम करायचा असेल, तर स्लो कुकरमध्ये करू नये, कारण गार अन्न तिथे फार सावकाश तापते आणि त्या वेळात बिघडू शकते. लहान पातेल्यात मंद गॅसवर झाकण ठेवून किंवा मोदकपात्रात वाफेवर दहा मिनिटे ठेवून गरम करावा, आणि कुकरचे तापलेले भांडे गार होईपर्यंत त्यात पाणी ओतू नये. नमस्कार.