आधी ऋणनिर्देश वाचा

कलेतिहासात पीएच.डी. करायची तर विभाग कसा पारखायचा, हा आजचा विषय. बडोद्याची फाइन आर्ट्स, जेएनयूची स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्स, आपलं डेक्कन कॉलेज, ही नावं तुम्हाला माहीतच आहेत. नावं घटकाभर बाजूला ठेवा. त्या विभागात पूर्ण झालेले प्रबंध काढा. आधी ऋणनिर्देश वाचा, मग शेवटची छायाचित्रं बघा. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

हे मी सोसून शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझा विषय पेशवाईतली भित्तिचित्रं. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात मी मार्गदर्शकांबरोबर गेले होते. सरांनी मला एका भिंतीसमोर तासभर नुसतं उभं केलं. मग विजेरी काढली आणि समोरून न धरता भिंतीला लगटून, बाजूने धरली. त्या तिरप्या उजेडात गिलाव्याचे फुगवटे दिसायला लागले, डागडुजीच्या कडा दिसायला लागल्या. चित्र कसं वाचायचं ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या वर्षी सर निवृत्त झाले. ती तारीख विभागात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होती. प्रवेशाच्या वेळी मला कुणी सांगितली नाही. नव्या मॅडम मनाने फार चांगल्या, पण त्यांचं काम विसाव्या शतकातल्या चित्रकारांवर. माझं मेणवलीचं प्रकरण त्यांच्या टेबलावर अकरा महिने पडून होतं. परत आलं तेव्हा त्यावर पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या, दोन्ही ऱ्हस्व-दीर्घाच्या. माझा राग मॅडमवर नाही, विभागावर आहे. ज्या विषयाशी संबंध नाही तो त्यांच्या गळ्यात मारला आणि माझी वर्षं गेली.

त्या अकरा महिन्यांत मी ग्रंथालयात जुने प्रबंध चाळले. तीन प्रबंधांच्या ऋणनिर्देशात दोन-दोन मार्गदर्शकांचे आभार, म्हणजे माझ्यासारखाच मार्गदर्शक मध्येच बदललेला! एकात तर सगळी छायाचित्रं छापील पुस्तकांतून घेतलेली, म्हणजे भिंतीसमोर कुणी नेऊन उभं केलंच नसावं. म्हणजे हे आधीपासून चालत आलं होतं, आणि तिथेच लिहिलेलंही होतं. आता शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, कितीतरी प्रबंध घरबसल्या वाचायला मिळतात.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा बाकीचं भरभर सांगते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या पीएच.डी. नियमावलीनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. तरीही तारीख विचाराच, विचारण्यात उद्धटपणा नाही. पैशांचं म्हणाल तर जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती, असेल तर 2023 पासून महिना 37,000 रुपये. नसेल तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी कुणाच्या संशोधनवृत्तीच्या निकषांत बसता ते अर्जाआधी बघा, कारण लेणी आणि वाडे हिंडायला एसटीचं भाडं लागतंच. पेशवे दफ्तरातले कागद मोडीत आहेत. विभागात मोडी कोण शिकवतं? कुणीच नसेल तर तेवढे महिने वेगळे धरा.

आणि सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटा, पण विभागात नको, बाहेर चहाला न्या. त्यांना एवढंच विचारा: तुझं शेवटचं प्रकरण किती दिवसांनी परत आलं, आणि त्यावर काय लिहिलेलं होतं?