शेवटची फळी कधी सोडायची?

श्रोतेहो, नमस्कार. कॉम्प्युटरवर डावपेचांचे खेळ खेळणाऱ्यांच्यात बसा, रोमचा विषय निघतोच निघतो. जगात लढायांना काय तोटा? मग रोमच का? मला वाटतं, त्या सैन्याची रचनाच सेनापतीला सारखं कोड्यात टाकणारी होती.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियसनं ती रचना लिहून ठेवली आहे. पायदळाच्या एकामागे एक तीन फळ्या. पुढे तरुण हस्ताती, मग मुरलेले प्रिन्किपेस, सगळ्यांत मागे लांब भाले घेतलेले वयस्क त्रिआरी. पहिल्या दोन फळ्यांत एका लीजनमागे, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या तुकडीमागे, बाराबाराशे माणसं, शेवटच्या फळीत फक्त ६००. हे सहाशे कधी सोडायचे? लवकर सोडले तर हात रिकामे, उशीर झाला तर वाचवायला कोणी उरत नाही.

इसवी सनपूर्व २०२ मधली झामाची लढाई बघा. रोमचा शत्रू कार्थेज, त्याचा सेनापती हॅनिबल. त्याच्याकडे ऐंशीहून अधिक हत्ती. रोमन सेनापती स्किपिओनं तुकड्या एकमेकींच्या पाठीमागे सरळ रेषेत लावून मध्ये गल्ल्या मोकळ्या ठेवल्या आणि त्यांच्या तोंडाशी हलके भालाईत उभे केले. कर्णे वाजताच काही हत्ती बिथरून आपल्याच घोडदळावर उलटले, बाकीचे गल्ल्यांतून पार. पण खरी कमाल पुढे आहे. हॅनिबलच्या पहिल्या दोन फळ्या मोडल्यावर, लढाई ऐन रंगात असताना, स्किपिओनं सैन्य थांबवलं! जखमींना मागे नेलं, प्रिन्किपेस आणि त्रिआरी दोन्ही बाजूंना आणून एकच लांब फळी केली. कारण हॅनिबलनंही आपले जुने, कसलेले सैनिक मागे राखून ठेवले होते. शेवटी स्किपिओच्या बाजूच्या मासिनिसा आणि लायलियस यांचं घोडदळ पाठीमागून आलं, तेव्हा निकाल लागला.

२००४ साली आलेल्या 'रोम: टोटल वॉर' या कॉम्प्युटरवरच्या खेळात या फळ्या आपल्या हाती येतात. खेळ सुरू होतो इसवी सनपूर्व २७० मध्ये. त्यातला इजिप्त मात्र हजारभर वर्षं जुना, फारोंच्या काळातला वाटतो. प्रत्यक्षात तेव्हा तिथं मॅसिडोनियन वंशाचे टॉलेमी राज्य करत होते. हे मला खटकतं. पण एक गोष्ट फर्मास जमली आहे. तुम्ही रोमच्या एका घराण्याचे प्रमुख. सिनेट, म्हणजे रोमची राज्यसभा, कामगिऱ्या देते, तुम्ही शहरं जिंकता, लोक तुम्हाला डोक्यावर घेतात. मग सिनेटला तुमची धास्ती वाटू लागते आणि एक दिवस हुकूम येतो: घराण्याच्या प्रमुखानं आत्महत्या करावी. नाही म्हणालात, की रोमवरच चालून जायचं.